विश्वस्तांनो, 1 मेपर्यंत रजेचे नियम लेखी द्या

हा जाहीर इशारा महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांच्या विश्वस्तांना, संचालकांना आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांना आहे. तुमच्या संस्थेत पगारावर किंवा मानधनावर काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला किती रजा आहे, आजारी पडल्यावर किती दिवसांचा पगार मिळेल आणि बाळंतपणात काय मिळेल, हे येत्या 1 मेपर्यंत सही-शिक्क्यानिशी लेखी द्या. दिलं नाही तर आम्ही काय करणार, तेही खाली लिहिलं आहे. विनंत्या आजवर पुष्कळ झाल्या. मासिक बैठकीत झाल्या, वार्षिक आढाव्यात झाल्या, संचालकांच्या केबिनबाहेर तासभर थांबूनही झाल्या. आता मुदत आहे.

आम्ही म्हणजे पाड्यावर पायी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, वस्तीतल्या बालवाडीच्या ताई, समुपदेशक, बचत गटांच्या वह्या तपासणारे समन्वयक, हिशेबनीस, जीप चालवणारे, वसतिगृहाची स्वयंपाकीण. मी स्वतः याच क्षेत्रात पगार घेत आलो आहे आणि या कामावर माझा जीव आहे. संस्था बंद पडाव्यात असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारात, मुंबईच्या वस्त्यांमध्ये या संस्थांनी जे उभं केलं, त्यात आमचेही पाय झिजले आहेत. त्या हक्कानेच हे लिहितो आहे.

आज काय चालतं ते आधी मांडतो. पंधरा हजार रुपये महिना मिळणाऱ्या क्षेत्र कार्यकर्तीला विषमज्वर होतो. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळते. महिनाअखेर हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे ‘विनावेतन’ लिहिलं जातं आणि साडेसात हजार रुपये कापले जातात. औषधपाणी, रक्ताच्या तपासण्या, रिक्षा हा खर्च वेगळा. म्हणून ती सातव्या-आठव्या दिवशीच, अंगात ताप असताना, गावबैठकीला उभी राहते. तिच्या भोवती तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया बसलेल्या असतात. क्षयरोगाच्या कामात तर हे सरळ धोक्याचं आहे. रुग्णांच्या घरी गोळ्या पोचवणाऱ्यालाच खोकला सुरू झाला, तरी पगार जाईल या भीतीने तो थुंकी तपासायला जात नाही. ज्या संस्थेचा सगळा अहवाल ‘लवकर निदान’ या एका गोष्टीवर उभा आहे, तिच्याच माणसाचं निदान असं लांबतं.

बाळंतपणाचं याहून वाईट आहे. अकरा महिन्यांचा करार असतो. बाई पाचव्या-सहाव्या महिन्यात असते तेव्हाच करार संपतो आणि नव्या करारात तिचं नाव नसतं. कोणी तिला काढलं असं कागदावर कुठेच येत नाही. ‘प्रकल्प संपला’ एवढंच येतं. काही ठिकाणी कार्यकर्त्यांना सल्लागार म्हणून दाखवतात. दर महिन्याला दहा टक्के कर कापून पैसे देतात, म्हणजे भविष्य निर्वाह निधी नको, विमा नको, रजा नको. तो ‘सल्लागार’ मात्र रोज सकाळी साडेनऊला हजेरी लावतो, सुट्टीसाठी अर्ज देतो आणि दुपारी कुठे होता याचा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो. नोकराची सगळी बंधनं त्याच्यावर आहेत आणि नोकराचा एकही हक्क त्याला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. काही संस्थांमध्ये बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि आठवड्याभरात त्यातला काही भाग ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून रोखीने परत घेतला जातो. आजारपणाच्या दिवसांचा पगारही असाच परत मागितल्याचं मी पाहिलं आहे: देणगीदाराच्या हिशेबात पूर्ण महिना, कार्यकर्त्याच्या हातात अर्धा. असं करणाऱ्यांना यापुढे आमच्याकडून एकही सही मिळणार नाही. हातात जेवढे पैसे पडतील तेवढ्याचीच पावती लिहून मिळेल.

रजा मागितली की ऐकवलं जातं, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ संचालकांना आम्ही ताई म्हणतो, दादा म्हणतो, भाऊ म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. पण ताईंच्या मर्जीवर मिळालेली चार दिवसांची सवलत उद्या मर्जी फिरली की जाते. ज्याचं ताईंशी जमतं त्याला महिनाभराची सूट मिळते, आणि ज्याने गेल्या बैठकीत हिशेबाचा प्रश्न विचारला त्याला आईच्या दहाव्यालाही विनावेतन जावं लागतं. लेखी नियम हवेत ते यासाठीच. नात्यातला गोडवा त्याने कमी होणार नाही. झालाच, तर तो गोडवा कशाच्या जोरावर टिकून होता हे तरी कळेल.

दुसरं ऐकवलं जातं त्यागाबद्दल. सेवेला वाहून घेतलं की सुट्ट्या मोजायच्या नसतात, असं सांगणाऱ्यांनी आपल्याच परंपरेचा इतिहास जरा पाहावा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्यांनी स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही अशी तिथे शपथ होती. पण सदस्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद संस्था करील, हेही त्याच शपथेत गृहीत होतं. त्याग सदस्याचा होता आणि जबाबदारी संस्थेची होती. याच समाजाचे ना. म. जोशी. त्यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली, आणि 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत ते आघाडीवर होते. गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणाऱ्या याच माणसाने केंद्रीय विधिमंडळात कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. पण 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात तशाच विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी ठामपणे मांडलं. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातला अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा. म्हणजे पगारी रजेची लढाई या भूमीत समाजसेवकांनीच सुरू केली. आज त्यांची नावं भाषणात घेऊन गरोदर कार्यकर्तीचा करार संपवणाऱ्यांना त्या परंपरेचा वारसा सांगण्याचा अधिकार नाही.

आता कायदा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 मध्ये ‘आस्थापना’ या शब्दाची व्याख्या वाचा. नोंदणीकृत सोसायटी आणि धर्मादाय न्यास तिथे नाव घेऊन आले आहेत, आणि काम नफ्यासाठी असो वा नसो, असंही तिथेच लिहिलं आहे. या कायद्याप्रमाणे वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, आठ पगारी सुट्ट्या आहेत, आणि वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आहे, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला, आणि त्याचा आनंद काही संस्थाचालकांनी लपवला नाही हेही आम्ही पाहिलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तर स्वयंसेवी संस्थांचा थेट उल्लेख करतो. तक्रारदार स्त्रीला चौकशीच्या काळात तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते, आणि ती रजा तिच्या इतर रजेतून वजा होत नाही. किती संस्थांच्या रजापत्रकात या रजेचा रकाना आहे? माझ्या पाहण्यात एकही नाही.

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा 1 एप्रिल 2017 पासून कायद्यात आहे. मूळ 1961 च्या कायद्यात गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची रजाही होती. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या बहुतेक बायकांना ती माहीतच नव्हती. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. मानधनाची सबबही संपली आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्यांना मिळतं ते फक्त मानधन आहे, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

विश्वस्तांचे वकील यावर काय म्हणतील ते आम्ही जाणतो, म्हणून तेही लपवत नाही. 1978 च्या बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की अनेक सेवाभावी संस्था त्यात आल्या. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी कामात मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या आहेत. नोकरीवरून काढलं तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याची आमची वाट त्यामुळे अरुंद झाली. हा बदल अन्यायाचा आहे, आणि तो होत असताना मानवी हक्कांवर चर्चासत्रं घेणाऱ्या मोठ्या संस्था गप्प बसल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही लक्षात ठेवा, या पळवाटेमुळे तुमच्या सहीचं पत्र रद्द होत नाही. नेमणूकपत्रात रजा लिहून दिली की तो करार होतो, आणि करार मोडल्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. म्हणूनच आम्ही लेखी मागतो आहोत, आणि म्हणूनच तुम्ही टाळता आहात.

पैसे कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. बारा माणसांची संस्था धरा, प्रत्येकाचा पगार पंधरा हजार. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे माणशी 487 रुपये 50 पैसे. कार्यकर्त्याचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे 112 रुपये 50 पैसे. बारा जणांसाठी संस्थेला महिन्याला 5,850 रुपये आणि वर्षाला 70,200 रुपये भरावे लागतात. आता यात काय मिळतं ते बघा. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम विमा महामंडळ देतं. क्षयरोग, कर्करोग अशा दीर्घ आजारांत, पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्या तर, दोन वर्षांपर्यंत 80 टक्के देतं. बाळंतपणाचे 26 आठवडे पूर्ण पगाराइतकी रक्कम तेच देतं. एका बाईच्या सहा महिन्यांच्या पगाराचे होतात नव्वद हजार. म्हणजे एका बाळंतपणाला संस्थेला स्वतःच्या खिशातून जेवढे द्यावे लागले असते, त्याहून कमी पैशांत बारा जणांचं वर्ष झाकलं जातं. विषमज्वर झालेल्या त्या कार्यकर्तीला साडेसात हजारांऐवजी शून्य मिळालं होतं. विमा असता तर पहिले दोन दिवस सोडून साधारण साडेचार हजार तिच्या खात्यात आले असते.

विमा दवाखान्यांतल्या रांगा आम्हालाही माहीत आहेत. 21,000 रुपयांची पगारमर्यादाही माहीत आहे. पण ज्या संस्थांमध्ये सर्वात जास्त पगारकपात होते, तिथली बहुतेक माणसं याच मर्यादेच्या आत आहेत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर गट विमा घ्या, आणि वर्षाला किमान बारा दिवसांची पगारी आजारी रजा स्वतःहून द्या. तीन-चार माणसांची, गावातल्या वर्गणीवर चालणारी संस्था असेल तर आम्ही तिच्या दारात मोर्चा नेणार नाही. तिच्यासोबत बसून हिशेब करू. इशारा आहे तो ज्यांच्याकडे लेखापरीक्षक आहेत, गाड्या आहेत, पंचतारांकित हॉटेलात देणगीदारांचे मेळावे आहेत, त्यांना.

आणि देणगीदारांनो, तुम्ही या हिशेबातून सुटत नाही. कार्यकर्त्याच्या आजारपणाचा पैसा प्रस्तावातून सर्वात आधी तुमच्या टेबलावर कापला जातो. ‘प्रशासकीय खर्च कमी करा’ हे वाक्य तुम्ही लिहिता, आणि त्याची कपात पाड्यावरच्या बाईच्या पगारातून होते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत जानेवारी 2021 पासून पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्या व्याख्येच्या बाहेर ठेवला आहे. परदेशी निधीच्या कायद्यात 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली हे खरं. पण संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्यांचे पगार, उदाहरणार्थ दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा, त्या मर्यादेत मोजायचे नसतात, असं नियमच सांगतात. नियमाचं नाव पुढे करून मागे हटणं आता चालणार नाही. तुमच्या पुढच्या करारात रजा, विमा आणि बदली माणसाचा खर्च या तीन ओळी हव्यात. स्वतःच्या कार्यालयात सहा महिन्यांची पगारी प्रसूती रजा देणारी कंपनी जर ज्या संस्थेला पैसा देते तिथल्या कार्यकर्तीला एक दिवसही देत नसेल, तर ते आम्ही तिच्या भागधारकांपुढे मांडू.

आता मुदतीनंतरचं. 1 मे सुट्टीचा दिवस आहे. त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ज्या संस्थांनी लेखी नियम दिले नाहीत त्यांच्याविरुद्ध आम्ही जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात, राज्य विमा महामंडळात आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रारी दाखल करू. तक्रार संस्थेनुसार वेगळी असेल आणि तिच्यासोबत कागद असतील. धर्मादाय आयुक्तांकडे जमा झालेल्या लेखापरीक्षित हिशेबांच्या नकला आम्ही मागू. त्यात दाखवलेला पगारखर्च आणि आमच्या बँक पासबुकातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवू. तफावत निघाली तर ती देणगीदारालाही जाईल आणि आयुक्तांनाही. गरोदर कार्यकर्तीचा करार संपवल्याचं प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे लढवलं जाईल. त्यात तडजोड होणार नाही. तक्रार करणाऱ्या एकालाही काढलं, बदली केली किंवा त्याचा करार अडवला, तर त्या संस्थेचे सगळे कार्यकर्ते अहवाल भरणं थांबवतील. लाभार्थ्यांचं काम, गोळ्या, बालवाडी, वसतिगृहाचा स्वयंपाक मात्र एक दिवसही थांबणार नाही. देणगीदाराला जाणारा कागद तेवढा थांबेल.

ज्यांनी 1 मेपूर्वी नियम दिले त्यांचं आम्ही जाहीर स्वागत करू आणि नियम नीट लिहायला मदतही करू. काही संस्था हे आधीपासून चोख पाळतात. त्यांच्याकडे पाहूनच आम्ही म्हणतो की हे जमतं.

शेवटी माझ्या सहकाऱ्यांना. आजच नेमणूकपत्र शोधा. नसेल तर लेखी मागा आणि मागितल्याची तारीख लिहून ठेवा. हजेरीपत्रकाच्या पानाचा महिन्याअखेरीस फोटो काढा. रजेचा अर्ज तोंडी करू नका. व्हॉट्सअॅपवर करा आणि उत्तर पुसू नका. दवाखान्याची चिठ्ठी, तपासण्यांचे कागद, पासबुकाची पानं एका पिशवीत ठेवा. कोऱ्या पावतीवर आणि कोऱ्या राजीनाम्यावर सही करू नका, कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी. आजारी असाल तर घरी थांबा. पगार कापला तर ती चिठ्ठी 1 मेपर्यंत आमच्याकडे पोचवा.